कुंपणातला पैसा

निजामाच्या राजवटीत सोलापूरहून गुलबर्ग्याला जाणाऱ्या माणसाला दोन रुपयांचा हिशोब डोक्यात ठेवावा लागे. सोलापूर इंग्रजी मुलखात, तिथं चालायचा तो कलदार. रेल्वेनं अक्कलकोट संस्थानातली दुधनी मागे टाकली की निजामाची हद्द लागायची, आणि तिथला सरकारी रुपया होता हाली, म्हणजेच उस्मानिया सिक्का. दोघांनाही लोक रुपयाच म्हणत, दोघांचेही सोळा आणे होत, पण सात हाली मोजले तेव्हा सहा कलदार हातात पडत. कागदोपत्री हाच भाव शंभर कलदारांना एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै असा असे. गाणगापूरला दत्तदर्शनाला निघालेला पुण्याचा भाविक असो की सोलापूरच्या पेठेत माल भरायला निघालेला आळंदचा व्यापारी असो, हा सात-सहाचा भाव दोघांनाही पाठ असावा लागे.

आज कर्नाटकात असलेले बीदर आणि कलबुर्गी (म्हणजे गुलबर्गा) हे जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या पश्चिम कडेला होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही त्या काळी बीदर जिल्ह्यातच मोडत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती असलेला भाग म्हैसूर राज्यात राहिला. सरहद्द बदलली, पण ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी पुढंही बरीच वर्षं टिकले. या प्रकरणाची सुरुवात त्यांच्यापासून करायचं कारण असं, की आजच्या बाजारात पुन्हा पुन्हा भेटणारा एक विचित्र पैसा समजून घ्यायला हालीइतकं चांगलं उदाहरण आपल्या प्रदेशात दुसरं नाही. हा पैसा म्हणजे ठरावीक कुंपणाच्या आतच चालणारा पैसा.

हाली सिक्क्याचा थाट पुरेपूर सरकारी होता. हैदराबादला स्वतंत्र टांकसाळ होती. नाण्यावर चारमिनार असे आणि त्याच्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचं अक्षर कोरलेलं असे: महबूब अली खानांच्या काळात मीम, उस्मान अली खानांच्या काळात ऐन. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा १९१८ साली संस्थानानं कागदी चलनाचा कायदा केला आणि नोटा काढल्या. त्या नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, कानडी आणि तेलुगूतही रक्कम लिहिलेली असे. १९४१ च्या कायद्यानं हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि या चलनाचा कारभार तिच्याकडे आला. म्हणजे टांकसाळ, बँक, नोटा, कायदा, कशाचीच उणीव नव्हती. हद्दीच्या आत हाली रुपया पुरा रुपया होता. सारा भरावा, कापड घ्यावं, मजुरी द्यावी. हद्दीबाहेर मात्र दुकानदारानं तो घ्यावा असं कुठलंच बंधन नव्हतं. तिथं त्याला सराफाकडे न्यावा लागे आणि सराफ आपला बट्टा कापून घेई.

निजामाच्या टपाल तिकिटाला तर तोही आधार नव्हता. १८६९ पासून संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटं होती आणि ती संस्थानापुरतीच चालत. भालकीहून बीदरला जाणाऱ्या पत्राला निजामाचं तिकीट पुरे. सोलापूरला जाणाऱ्या पत्राला ते चालत नसे, त्याला इंग्रज सरकारच्या पोस्टाचंच तिकीट लावावं लागे. तिकीट मोडून पैसे परत मिळण्याचीही सोय नव्हती. ज्याची सगळी पत्रं संस्थानातच जात, त्याला एका आण्याचं तिकीट एका आण्याचंच होतं. ज्याचे सगळे सोयरे सोलापूर-पुण्याकडे होते, त्याला ते जवळजवळ फुकट होतं. एकच तिकीट, छापील किंमत एकच, पण दोन माणसांना त्याचं मोल वेगळं. कुंपणातल्या पैशाचं मर्म मला इथं दिसतं. त्यावर छापलेला आकडा आणि तुमच्या दृष्टीनं त्याचं मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट शोधायची तर स्वतःच्या गरजेकडे पाहावं लागतं.

कुंपणातल्या पैशाला मुदतही असते. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकारशी जैसे थे करार झाल्यावर निजाम सरकारनं वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरवलं, आणि कुंपण आणखी उंच झालं. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. तरीही हाली लगेच संपला नाही. १९५० साली भारतीय रुपया त्याच्या जोडीला आला तो त्याच जुन्या सात-सहाच्या भावानं. १९५१ पासून नवे हाली निघणं थांबलं आणि जुने १९५९ पर्यंत चालत राहिले. आठ-नऊ वर्षांची मुदत म्हणजे उदार मुदत म्हटली पाहिजे. त्या मुदतीत ज्यांनी हंड्यातले, पेटीतले हाली बाहेर काढून बदलून घेतले त्यांचा रुपया वाचला. चांदीच्या नाण्याला नंतरही चांदीचा भाव होता. नोट पेटीत राहिलेल्याच्या हाती मात्र कागद उरला.

आता आजच्या पैशाकडे येऊ. रिझर्व्ह बँक आधी भरलेल्या पैशाच्या साधनांचे प्रकार पाडते. त्यातला एक बंदिस्त प्रकार. एखादं दुकान, एखादी कंपनी आपल्याच मालासाठी आणि सेवेसाठी कार्ड किंवा खातं काढून देते. त्यातून रोख काढता येत नाही, दुसऱ्या दुकानात ते चालत नाही. अशा साधनाला रिझर्व्ह बँकेची परवानगीच लागत नाही, कारण बँक त्याला देवघेवीच्या व्यवस्थेत धरत नाही. कपड्याच्या दुकानाचं भेटकार्ड, मॉलमधल्या खेळघराचं कार्ड, ‘पैसे परत मिळणार नाहीत, त्या रकमेची दुसरी वस्तू घ्या’ म्हणून हातात दिलेली चिठ्ठी, हे सगळे हालीचे नव्या काळातले भाऊबंद.

असा प्रत्येक पैसा वाईट असतो असं मी म्हणणार नाही. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत महिलांना साध्या सरकारी बसमध्ये शून्य रकमेचं तिकीट मिळतं. ते विकता येत नाही, त्याचे पैसे मागता येत नाहीत, आणि पुण्या-मुंबईच्या आंतरराज्य गाडीला ते नाही. तरीही भालकीहून रोज बीदरला नोकरीला किंवा कॉलेजला जाणाऱ्या बाईचा त्यामुळं दर महिन्याला खरा, मोजता येणारा पैसा वाचतो, कारण हा प्रवास ती एरवीही करणारच होती. कुंपणातला पैसा भेट म्हणून आला आणि आपल्या रोजच्या गरजेवर बसला, तर तो रोखीइतकाच चांगला.

तो वाईट ठरतो तो येणं असलेल्या पैशाच्या जागी आला की. चहाच्या मळ्यांत एके काळी मजुरी मळ्याच्याच टोकनात दिली जाई. ते टोकन मळ्याबाहेर चालत नसे. मजूर कामाला बांधला जाई तसा खरेदीलाही बांधला जाई. आपल्याकडच्या १९३६ च्या वेतन कायद्यानं मजुरी चालू नाण्यात किंवा नोटांतच दिली पाहिजे असं घातलं ते उगीच नाही. कष्टाचा पैसा कुंपणात घालणं म्हणजे त्यातला काही भाग परत काढून घेणंच.

या दोन जिल्ह्यांना ही गोष्ट अलीकडेच जवळून पाहायला मिळाली. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला, बीदरहून प्रवासी विमान ७ फेब्रुवारी २०२० ला उडालं, आणि २५ मार्चला टाळेबंदी लागली. देशभर विमानं रद्द झाली. कंपन्यांनी तिकिटाचे पैसे परत न देता ते आपल्याकडेच ‘जमा’ ठेवले: पुढं कधी तरी आमच्याच विमानानं जा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात न्यायालयानं टाळेबंदीच्या काळात त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करायला सांगितले. इतर तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत द्यायचे होते. ज्या कंपनीची आर्थिक स्थिती तसं करण्यासारखी नव्हती, तिला रक्कम ३१ मार्च २०२१ पर्यंत जमा ठेवायची मुभा मिळाली, पण अटींवर. जमा रक्कम ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढं दरमहा पाऊण टक्का वाढली पाहिजे. ती दुसऱ्याच्या नावावर करता आली पाहिजे. मुदत संपल्यावर उरलेले पैसे रोखीनं परत मिळाले पाहिजेत. कुंपणातल्या पैशाचे तिन्ही दोष न्यायालयानं एकेक करून काढून टाकले: तो वाढत नाही, दुसऱ्याला देता येत नाही आणि मुदतीनंतर मरतो. ग्राहकाच्या बाजूनं इतका नेमका विचार झालेला निकाल मला फार मोलाचा वाटतो.

बोटीवरची जमा रक्कम ही या पैशाची सगळ्यांत चोख आवृत्ती आहे, म्हणून तिच्याकडे जरा सवडीनं पाहू. बोटीची सहल ही आता आपल्या भागाला परकी गोष्ट राहिलेली नाही. बीदर, भालकी, कलबुर्गीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून निघालेली मुलं पुणे, हैदराबाद, बेंगळुरू करत अमेरिकेपर्यंत पोचली आहेत. आई-वडील सहा महिन्यांसाठी तिकडे गेले की त्यांना एखाद्या आठवड्याची क्रूझ घडवणं हा नेहमीचा बेत झाला आहे: ह्यूस्टनच्या बाजूला राहणारे गॅल्व्हस्टनहून निघतात, सिॲटलकडचे अलास्काला. इथं मुंबईहूनही सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस बोट गोवा-लक्षद्वीपकडे जाऊ लागली. मूळची १९९० ची ही बोट आधी अमेरिकेतल्या रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होती.

मोठ्या बोटींवर रोख पैसा सहसा हाताळला जात नाही. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच खर्चाचं साधन. कॉफी घेतली, छायाचित्र घेतलं, इंटरनेट घेतलं, की रक्कम खोलीच्या खात्यावर चढते आणि शेवटी क्रेडिट कार्डातून वळती होते. या खात्यावर कंपनी किंवा ट्रॅव्हल एजंट आधीच काही डॉलर जमा करून ठेवतात: लवकर बुकिंग केलं म्हणून, आधीच्या सफरीत पुढची सफर ठरवली म्हणून, काही कंपन्यांत शंभर शेअर आहेत म्हणून, कधी मागच्या गैरसोयीची भरपाई म्हणून. हे डॉलर दोन जातीचे असतात. एक परत मिळणारे: सफर संपताना उरले तर रोख किंवा कार्डावर परत येतात. दुसरे परत न मिळणारे: शेवटच्या रात्री हिशोब मिटला की शिल्लक शून्य. दोन्ही जाती एकाच खात्यावर नुसत्या ‘जमा’ म्हणून दिसू शकतात. म्हणून बोट सुटायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न हाच, की यातले किती परत मिळणारे आणि किती न मिळणारे. दुसरा प्रश्न, की ही रक्कम माणशी आहे की खोलीमागे. खोलीमागे शंभर आणि माणशी शंभर यात चौघांच्या कुटुंबाला फार फरक पडतो. दोन्ही जातीचे पैसे असतील तर बहुतेक कंपन्या न मिळणारे आधी खर्ची टाकतात. तेही विचारून घ्यावं.

आता हे पैसे कशावर लावायचे? निजामाच्या तिकिटाचा नियम इथं जसाच्या तसा लागू आहे: जे एरवी स्वतःच्या खिशातून घेतलंच असतं, त्याच्यावर. बोटीवरचा बाजार मांडलेला असतो तो दारू, जुगारघर, मालिश, घड्याळं आणि अत्तरं यांच्याभोवती. भालकीच्या एखाद्या शाकाहारी, माळकरी किंवा लिंगायत कुटुंबाला यातलं निम्मंअधिक नकोच असतं. जेवण तिकिटातच धरलेलं असतं आणि आधी कळवलं तर शाकाहारी ताटाची सोयही होते. मग आई-वडील मुलाला म्हणतात, आपल्याला काही घ्यायचं नाही, राहू दे ते पैसे. हे सौजन्य इथं महागात पडतं. ते पैसे मुलाकडे परत येत नाहीत, कंपनीकडे राहतात.

अशा कुटुंबालाही तीन-चार खर्च चुकत नाहीत. पहिला सेवकांचा आकार. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर तो माणशी दर रात्री साधारण १६ ते २० डॉलरच्या आसपास असतो आणि आपोआप खात्यावर चढतो. समजा दोघे सात रात्रींच्या सफरीला निघाले आणि आकार १८ डॉलर आहे. चौदा वेळा अठरा म्हणजे २५२ डॉलर. खात्यावर परत न मिळणारे २०० डॉलर असतील आणि कंपनी ते या आकारात वळते करून घेत असेल, तर पहिल्याच दिवशी प्रश्न मिटला. एक पैसा वाया नाही, एक अनावश्यक वस्तू विकत घेतली नाही. म्हणून सेवकांचा आकार बुकिंगच्या वेळीच भरून टाकायची घाई करू नये. आधी विचारावं, की जमा रकमेतून तो वळता होतो का. होत असेल तर घरून भरलेला आकार म्हणजे मोकळे डॉलर देऊन कुंपणातले डॉलर अडकवून ठेवणं. वळता होत नसेल तर पुढच्या खर्चाकडे वळावं.

दुसरा खर्च किनाऱ्यावरच्या सहलींचा. बंदरावर उतरून स्वतःच टॅक्सी करून फिरणं स्वस्त पडतं, हे खरं. पण बोटीच्या कंपनीनंच विकलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट त्या प्रवाशांसाठी थांबते, आणि स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी थांबेलच असं नाही. सत्तरी गाठलेल्या, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या आई-वडिलांसाठी या फरकाला पैशात मोजता येणार नाही इतकं मोल आहे. अलास्काच्या वाटेवर स्कॅग्वे बंदर लागतं. तिथून व्हाइट पास आणि युकॉन ही १८९८ ते १९०० दरम्यान सोन्याच्या शोधाच्या लाटेत बांधलेली तीन फुटी रुळांची रेल्वे डोंगर चढते. लातूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी पाहिली, तिच्यातून प्रवास केला, त्या पिढीला अरुंद रुळांच्या त्या गाडीत बसायला काय वाटेल ते सांगायला नको. जमा डॉलर अशा सहलीवर लावले, तर ते मला सगळ्यांत सार्थकी लागलेले वाटतात.

इंटरनेटचं गणित थोडं फसवं आहे. तेच इंटरनेट घरून आधी नोंदवलं तर पुष्कळदा स्वस्त मिळतं आणि बोटीवर चढल्यावर महाग. समजा घरून दिवसाला २० डॉलर आणि बोटीवर २५. जमा रक्कम जर बोटीवरच वापरता येत असेल, तर तिचे २५ डॉलर तुमच्या घरच्या २० डॉलरचं काम करतात. म्हणजे पाचास चारचा भाव, हालीहूनही हलका. तरीही ते डॉलर एरवी बुडणारच असतील तर हलका भावही घ्यावा. मात्र इंटरनेट आधीच घरून विकत घेतलं आणि बोटीवर जमा रक्कम पडून राहिली, तर दोन्हीकडून नुकसान. काही कंपन्या जमा रक्कम घरबसल्या संकेतस्थळावर, सवलतीच्या भावातही वापरू देतात. तिथं उत्तम व्यवहार साधतो. म्हणून खरेदीच्या आधी हा तिसरा प्रश्न विचारायचा: ही रक्कम बोट सुटण्याआधी वापरता येते का?

कपडे धुणं, घरच्यांचं एकत्र छायाचित्र, बोटीवरच्या दवाखान्याचं बिल हे छोटे खर्चही याच खात्यावर चढतात. जुगारघरात या रकमेला बहुधा मनाई असते आणि ते बरंच आहे. बोटीवरच पुढच्या सफरीची आगाऊ रक्कम भरायचा आग्रह होतो, त्यापासून मात्र जपावं. एका कुंपणातून निघून दुसऱ्या कुंपणात जायचं, आणि तेही पुढचा प्रवास ठरलेला नसताना, यात आपला फायदा क्वचितच असतो.

वेळेचीही एक बाजू आहे. बोट बंदरात उभी असताना जकातीच्या नियमांमुळं तिच्यावरची दुकानं बंद असतात. ती उघडतात समुद्रात गेल्यावर. शेवटच्या दिवशी सगळ्यांना शिल्लक आठवते, मदतकक्षापुढं रांग लागते आणि माणसं घाईत नको ते घेऊन बसतात. त्याहून मोठा धोका हवामानाचा. सगळी जमा रक्कम शेवटच्या बंदरावरच्या सहलीवर लावली, आणि वादळामुळं बोट तिथं थांबलीच नाही, तर सहलीचे पैसे परत येतात. पण ते येतात त्याच खात्यावर, त्याच परत न मिळणाऱ्या रूपात, आणि हातात एकच संध्याकाळ उरलेली असते. म्हणून मोठा खर्च सफरीच्या पहिल्या निम्म्यात उरकावा, आणि मधल्या एखाद्या दिवशी खोलीतल्या दूरदर्शन संचावर किंवा मोबाइलवर खातं उघडून पाहावं.

इतका खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण उरलेला पैसा कुठं जातो ते हिशोबाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं. भारतात १ एप्रिल २०१८ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या उत्पन्नाच्या लेखामानकात ग्राहकांनी न वापरलेल्या हक्कांची सोय आहे. आगाऊ पैसे घेऊन दिलेल्या कार्डांपैकी किती रक्कम लोक वापरणारच नाहीत याचा भरवशाचा अंदाज असेल, तर कंपनीला तो भाग उत्पन्नात धरता येतो. आंतरराष्ट्रीय मानकही असंच आहे. यात लबाडी नाही, नियमानुसार सगळं उघड आहे. पण आपला विसर हा समोरच्याच्या ताळेबंदात आधीपासून मांडलेला असतो, हे माहीत असावं. भेटकार्ड ड्रॉवरमध्ये ठेवणारा माणूस कुणाला तरी पैसे देत असतो. फक्त त्याला ते कळत नाही.

परदेशात आई-वडिलांना बोटीवर नेणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. बुकिंगचा कागद इंग्रजीत असतो आणि तुमच्या मोबाइलमध्ये असतो. त्यांना तो दिसतही नाही. निघण्याआधी एकदा त्यांच्याशेजारी बसा आणि मराठीत, कानडीत, घरात जी भाषा असेल तिच्यात सांगा: खात्यावर इतके डॉलर आहेत, त्यातले इतके परत मिळणार नाहीत, ते तुमचेच आहेत, आणि ते वाचवले तर मला मिळणार नाहीत. ही शेवटची गोष्ट नीट समजावून सांगा, कारण मुलाचा पैसा वाचवायची त्यांची सवय जन्माची आहे. मग डोंगरातल्या रेल्वेचं तिकीट काढायचं की घरच्यांचं छायाचित्र घ्यायचं, हे त्यांना ठरवू द्या.